खिडकीखालची जागा

"हललं का गं, पोरी?" चौगुले मास्तरांनी पुन्हा विचारलं.

नव्हतं हललं. पडद्यावर त्यांच्या थोरल्या मुलीची लग्नपत्रिका अर्धवट उमटून बसली होती. वर गणपती आला होता, खाली नवरीचं नाव आलं होतं आणि नवऱ्या मुलाच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. टेबलाखालच्या डब्यात हार्ड डिस्क खर्रर्र खर्र, खर्रर्र खर्र करत होती, आणि डब्यावरचा तांबडा दिवा पापणी लवल्यासारखा लुकलुकत होता. मी माऊस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

"नवरदेव कुठं गेला म्हणायचा?"

"येतोय काका. मशीनला जरा वेळ लागतोय."

"आत्ता वेळ लागूंदे. मांडवात यायला लावू नये म्हणजे झालं."

मी हसले आणि पुन्हा माऊस हलवला. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, म्हणजे पत्रिकांचा हंगाम. इचलकरंजीत तेव्हा कापडाला उठाव नव्हता. मागच्या शेडमधले आप्पांचे चार माग एक दिवस चालत आणि दोन दिवस गप्प बसत. घर चालत होतं ते माझ्या कॉम्प्युटरवर. पुण्याच्या कुणाचा तरी वापरून जुना झालेला तो कॉम्प्युटर आम्ही घरी आणला होता, आणि मी त्यावर पत्रिका, हँडबिलं, दुकानांची पावती पुस्तकं जुळवून प्रेसला देत होते.

आतून द्वारकाआत्ती चहा घेऊन आली. ही आप्पांची सगळ्यांत थोरली बहीण. तिनं मास्तरांना कप दिला, आपला स्वतःचा स्टुलावर ठेवला आणि वळताना डाव्या कोपरानं तो सरळ खाली पाडला. चहा मास्तरांच्या धोतरापर्यंत गेला.

"अगं आत्ती! समोर होता की कप!"

"दिसला नाही बघ," ती म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली. मास्तरांनी धोतर झटकलं. माझं लक्ष पडद्याकडं होतं, कारण नेमका त्याच वेळी नवरदेव उमटला.

मास्तर गेल्यावर मी सतीशला फोन केला. मशीन त्यानंच आणून दिलेलं. तो आपल्या लुनावरून आला, डब्याला कान लावून बसला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"मशीनला काय झालं न्हाई, सारिकाताई. रॅम सोळाची हाय नव्हं? त्यात विंडोज आलं, तुमचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आलं, मराठी अक्षरं आली, ह्यो एवढा मोठा गणपती आला. मावणार कुठं सगळं? मग जे आत्ता लागत न्हाई ते मशीन उचलून डिस्कवर ठेवतंय. लागलं की परत आणतंय. आणि त्याला जागा करायला दुसरं कायतरी बाहेर नेऊन ठेवतंय. ती खरखर त्याचीच. व्हर्च्युअल मेमरी म्हणतात ह्याला. म्हणजे जागा नसताना हाय म्हणून सांगायचं."

"मग आता?"

"अजून एक रॅमची पट्टी घालूया. जुन्या मशीनची हाय, पुण्यात शोधायला लागंल. तोवर एका वेळी एकच काम करा. आणि काय बी झालं तरी हे हितनं हलवू नका. आत मागांच्या कापसाची लव उडते. ती आत गेली की मशीन खलास."

तो गेला. आत्ती बोळात आपल्या कॉटवर बसून सगळं ऐकत होती. बोळ म्हणजे पुढची खोली आणि मागांची शेड यांच्यामधली चिंचोळी जागा. आत्तीची कॉट पूर्वी पुढच्या खोलीत खिडकीखाली असायची. कॉम्प्युटर आला तेव्हा टेबलाला दुसरी जागाच नव्हती, म्हणून कॉट बोळात गेली. आत्ती तेव्हा हूं की चूं बोलली नव्हती.

"सारे," ती म्हणाली, "त्यो पोरगा काय सांगत होता? मला काय समजलं न्हाई."

मला समजावून सांगायला आवडतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "हे बघ, आपला ओटा आहे ना? समज तो लहान आहे. भाजी चिरायची तर पिठाचा डबा खाली कोठीत ठेवायचा. पोळ्या करायच्या तर भाजी कोठीत न्यायची आणि पिठाचा डबा वर आणायचा. ओटा म्हणजे रॅम आणि कोठी म्हणजे डिस्क."

"असं होय. आणि ओटा अगदीच टीचभर असला म्हणजे?"

"मग डबे आत-बाहेर करण्यातच दिवस जातो. स्वयंपाक होतच नाही. तेच झालंय आपल्या मशीनचं."

आत्ती खुदकन हसली. "दमत असंल गं बिचारं." कॉम्प्युटर पुढच्या खोलीत अजून खरखरत होता. "आणि काय गं, आत-बाहेर करताना त्यातलं काय हरवत न्हाई?"

"छे! जसंच्या तसं परत येतं."

"यंत्राचं बरं असतंय," ती म्हणाली आणि पायाशी ठेवलेली आपली पिशवी उगाच पुढं ओढून घेतली.

त्या पिशवीबद्दल सांगायला पाहिजे. आप्पांनी आपल्या मागावर विणलेल्या जाड कापडाची, दोन्ही खांद्यांना अडकवता येईल अशी ती शिवून दिली होती. आत्ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. आजी जाताना तिघा भावांकडून वचन घेऊन गेली होती, की अक्काला कुणी अंतर देऊ नका. तिघांनीही दिलं नाही. सांगलीला थोरले महादेवकाका, मध्ये आमचे आप्पा, कऱ्हाडला धाकटे विलासकाका. प्रत्येकाकडं तिनं चार महिने राहायचं असं ठरलं आणि बरीच वर्षं ते नीट चाललंही. मग सांगलीला मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा चाराचे तीन झाले. विलासकाकांचं बँकेचं क्वार्टर बदललं, नवीन जागेत एकच खोली, तेव्हा तिनाचे दोन. मग आमच्याकडं कॉम्प्युटर आला. त्या वर्षी तर आत्ती कुठंच महिनाभरसुद्धा टिकत नव्हती. कुणाकडं पाहुणे यायचे, कुणाकडं परीक्षा असायची, कुणाकडं रंगकाम निघायचं. कुणी तिला जा म्हणत नव्हतं. "अक्का, आठवडाभर जरा सांगलीला जाऊन येतीस?" असं गोडीनं विचारत. आणि आत्ती म्हणायची, "जातो की." आमच्याकडच्या बायका जाते म्हणत नाहीत, जातोच म्हणतात.

मग तिनं पिशवी रिकामी करायचंच सोडून दिलं. लागेल तेवढं वरचं काढायचं आणि परत आत ठेवायचं. दिवसा ती कधी आडवी झाली नाही. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसल्यासारखी कॉटच्या काठावर, पाय जमिनीला टेकवून बसायची. फोन वाजला की पहिल्यांदा तिची मान वर व्हायची. मला त्याचा राग यायचा. एक तर ती खरखर, वर आत्तीची ही चुळबुळ. दोन्हींच्या मध्ये बसून माझं डोकं उठायचं.

आणि हे सगळं तिच्या डोळ्यांना काचबिंदू असताना. सांगलीच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगून ठेवलं होतं, की रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, एक दिवसही चुकवायचा नाही. या दुखण्यात दुखत काही नाही, नजर कडेकडेनं हळूच जाते, आणि गेलेली परत येत नाही. औषध थंड ठेवायचं होतं, म्हणून बाटली फ्रिजमध्ये असायची. महादेवकाकूंनी तेव्हा आम्हा सगळ्यांना फोन करून ते बजावलं होतं.

त्या आठवड्यात पुन्हा फोनाफोनी सुरू झाली. आईच्या भावाकडची माणसं यायची होती. आप्पांनी कऱ्हाडला फोन लावला. विलासकाका म्हणाले, परवा नको, चार दिवसांनी आणा, तोवर सांगलीला सोडा. सांगलीचे म्हणाले, सोडा की, पण गुरुवारी आम्हीच देवाला निघालोय. आप्पा फोनवर हात ठेवून आईला विचारत होते, आई मानेनं नाही म्हणत होती. आत्तीनं बोळातून हाक मारली, "दत्तू, कुठं का असंना, कुठली गाडी ते सांग. म्हणजे तसा डबा करतो."

मी मास्तरांच्या पत्रिकेचा कच्चा कागद प्रिंटरमधून काढला आणि तिच्या हातात दिला. हे आमचं नेहमीचं होतं. आत्ती सातवी शिकलेली, आणि माणसांची नावं, नाती, मान यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाचं नाव कुणाच्या वर यायला पाहिजे हे तिला विचारल्याशिवाय मी एकही पत्रिका प्रेसला पाठवत नसे. तिनं चष्मा लावला, कागद जवळ धरला आणि बोट फिरवत वाचलं.

"मामा राहिला की गं."

"कुणाचा?"

"मुलीचा. आजोळची बाजू आख्खीच राहिली. अगं, मामा नसला तर मुलीला मांडवात आणणार कोण? मास्तर चिडंल."

मी कागद पाहिला. डाव्या कडेला, ठळक अक्षरात, चौकटीत मामाचं नाव होतं.

"हे काय, इथंच तर आहे."

"कुठं?" तिचं बोट कागदावर फिरलं आणि चौकटीच्या अलीकडंच थांबलं. मग तिनं सगळं तोंड डावीकडं वळवलं, कोंबडी बघते तसं. "हां. हाय की. मगाशी नव्हता."

मी माझा हात तिच्या डाव्या बाजूनं हळूहळू पुढं आणला. ती समोरच बघत होती. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती दचकली.

"हे काय करायलीस?"

"आत्ती, तू थेंब घालतेस ना?"

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"आत्ती!"

"बाटली कऱ्हाडला हाय," ती म्हणाली. "विलासच्या फ्रीजात. मागल्या खेपेला घाईत निघालो, राहिली."

"अगं, मग सांगितलं का नाहीस? इथं मिळत नाही का औषध?"

"सांगणार होतो. पण वाटलं, आठ दिवसांत तिकडं जायचंच हाय. मग सांगलीला न्हेलं मला. तिथं पयली एक बाटली होती, ती संपलेली. महादेवची बायको म्हणाली, तुमच्या पिशवीत असंल. मी म्हटलं, असंल." ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "बाटली जिथं, तिथं मी नसतो बघ. कुणाला उगाच कशाला कामाला लावायचं?"

मी दोन्हीकडं फोन केले. कऱ्हाडच्या काकू म्हणाल्या, "अगं बाटली इथं आहे, पण आम्हाला वाटलं सांगलीला नवीन घेतली असेल." सांगलीच्या म्हणाल्या, "तपासणीची तारीख होऊन गेली, ठाऊक आहे. पण त्या तेव्हा तुमच्याकडं होत्या ना?" कुणी खोटं बोलत नव्हतं. आम्ही तरी काय वेगळं केलं होतं? आईनं आमचा फ्रिज उघडून कधी बघितलं नव्हतं, कारण डोळ्यांचं सांगलीकडं असतं असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलेलं. दिवाळीपासून आत्तीच्या डोळ्यांत औषधाचा एक थेंबही गेला नव्हता, आणि त्याआधीही असे कितीतरी खाडे झाले असणार.

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि मी तिला घेऊन सांगलीला गेलो. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. डाव्या डोळ्याची अर्धी नजर गेली होती. "जे गेलं ते गेलं," ते म्हणाले. "उरलंय ते राखता येईल. पण रोज औषध, महिन्याला तपासणी, आणि लक्ष ठेवणारं एक माणूस. आज इथं, उद्या तिथं असं चालणार नाही." आप्पा बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. आत्तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

रविवारी तिघे भाऊ आमच्या पुढच्या खोलीत जमले. मला एका हँडबिलाचं काम त्याच दिवशी द्यायचं होतं, म्हणून मी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसूनच होते. खर्रर्र खर्र. आत्ती बोळाच्या तोंडाशी कॉटच्या काठावर.

"चूक सगळ्यांचीच झाली," महादेवकाका म्हणाले. "आता नीट ठरवूया. पंधरा-पंधरा दिवस. तारखा ठरलेल्या. ज्यानं पोचवायचं त्यानं बाटली हातात द्यायची."

"त्यापेक्षा तिन्ही घरांत एकेक बाटली ठेवू," विलासकाका म्हणाले. "म्हणजे न्यायची-आणायची भानगडच नको."

"आणि तपासणी?" महादेवकाकांनी विचारलं.

"ती सांगलीला. त्या तारखेला आमच्याकडं असली तर आम्ही आणून सोडू. तिथनं दत्तूदादा घेऊन जाईल."

"वन्संनी इथंच राहायला माझी कुठं ना आहे?" आई म्हणाली. "पण बोळात मागांचा आवाज, लव, अंधार. डोळ्यांना तरी ते बरं का? आणि पुढं जागा..." तिनं वाक्य सोडून दिलं. सगळ्यांनी एकदाच खिडकीकडं बघितलं आणि लगेच नजरा वळवल्या. खिडकीखाली मी होते आणि माझं मशीन होतं. घर कशावर चाललंय हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली. माझ्या मनात त्या वेळी आत्तीही होती आणि सतीशचं ते 'मशीन खलास'ही होतं, खोटं कशाला सांगू?

"मग पंधरा दिवसच ठरवू," महादेवकाका म्हणाले. "पयली पाळी..."

"सारे," आत्ती म्हणाली, "कात्री दे गं जरा."

मला वाटलं, कसला तरी दोरा कापायचा असेल. मी कात्री दिली. आत्तीनं पिशवी मांडीवर घेतली आणि कॉटवर उलटी केली. दोन लुगडी, फणी, मिश्रीची डबी, तांब्या, स्वेटर, पेपरात गुंडाळलेल्या चपला. इतकंच होतं. मग तिनं चाचपून शिवण शोधली आणि पिशवी एका बाजूनं टरटरा उसवायला सुरुवात केली.

"अक्का! अगं काय करतेस?" महादेवकाका उठले. "पिशवी कशाला फाडतेस? सामान नेणार कशात?"

"म्हणून तर फाडायलोय."

तिनं बंद कापून टाकले, कापड झटकून उलगडलं, उठून माझ्यापाशी आली आणि मॉनिटरवर वीत लावून माप घेऊ लागली.

"ह्याचं झाकण शिवतो," ती मला म्हणाली. "जाड हाय, दत्तूनं विणलंय. ह्यातनं लव आत जाणार न्हाई. खालच्या डब्याला बी होईल."

"लव? पण इथं कुठं लव आहे, आत्ती?"

"हितं नसती. बोळात असती. तुझं यंत्र बोळात जाणार. मी हितं खिडकीखाली झोपणार." तिनं भावांकडं तोंड वळवलं, तेच कोंबडीसारखं, एका बाजूनं. "रोज सकाळी उठल्यावर किती दिसतंय ते बघायला मला खिडकी पायजे."

"अक्का, ही तिन्ही घरं तुझीच आहेत," विलासकाका म्हणाले.

"व्हय रे. घरं तीन. जागा एकबी न्हाई." ती रागावली नव्हती. "ह्या पोरीनं मला परवा सांगितलं. ओटा लहान असला म्हणजे डबे आत-बाहेर करण्यातच दिवस जातोय म्हणं. तुम्ही तिघंबी वाईट न्हाई. ओटे लहान हायत तुमचे, मला काय कळत न्हाई? पण यंत्रातलं हरवत न्हाई. माझा अर्धा डोळा हरवला की रे त्यात." मग ती माझ्याकडं वळली. "सारे, आधी ते बंद कर. कानाला सोसत न्हाई."

मी हँडबिल तसंच सोडलं. तांबडा दिवा विझेपर्यंत थांबले आणि बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली. मग आप्पा उठले. त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं आणि माझ्याकडं बघितलं. मी दुसरं धरलं.

तो सगळा हंगाम मी बोळात बसून काढला. कानाशी माग खटखटायचे, डोक्याला कापूस चिकटायचा, आणि मशीन ठणठणीत चालायचं. सतीशनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळावर हात मारला, पण आत्तीच्या हातचं झाकण उचलून त्यानं आत पाहिलं, तर लवेचा कण नव्हता. चौगुले मास्तरांसारखी गिऱ्हाइकं पुढच्या खोलीत आत्तीच्या कॉटशेजारी बसायची, तिच्याशी मानपानावरून वाद घालायची. कप आम्ही तिच्या उजव्या हाताला ठेवायला शिकलो. रात्री जेवणं झाली की आई फ्रिजमधून बाटली काढायची. मी आत्तीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि आई थेंब घालायची. काका लोक महिन्याआड येत, कधी आंबे घेऊन, कधी नुसतेच. तिनं पुढं बारा वर्षं काढली, आणि उरलेली नजर शेवटपर्यंत राहिली.

पण मला सांगायचंय ते पौषातलं. रॅमची पट्टी अखेर पुण्याहून आली. दुपारची वेळ होती. सतीशनं डबा उघडून ती बसवली, दाबली, मशीन सुरू केलं आणि चहा न घेताच लुनावरून गेला. मी एक पत्रिका उघडली. गणपती आला, नवरी आली, नवरदेव आला, दोन्हीकडचे मामा आले, सगळे एका दमात. मी मुद्दाम दुसरी उघडली, मग तिसरीही. तांबडा दिवा एकदा लुकलुकला आणि गप्प झाला. त्या खरखरीची इतकी सवय झालेली, की मला चुकल्यासारखं वाटलं.

"आत्ती!" मी ओरडले. "अगं बघ, लगेच आला नवरदेव!"

ओ आली नाही. फोन वाजला नव्हता, कुणी आलं-गेलं नव्हतं. मी उठून पुढं गेले.

आत्ती खिडकीखाली झोपली होती. भर दुपारी, उताणी, दोन्ही पाय कॉटवर घेऊन पार टोकापर्यंत ताणलेले. तोंड जरा उघडं होतं आणि बारीक घोरत होती. तिचे तळवे दिवसा मी पहिल्यांदाच बघत होते. ऊन आलं होतं त्यांच्यावर. मी परत बोळात गेले आणि आप्पांना सांगितलं, माग जरा वेळ बंद ठेवा.